आठ पायांची म्हैस

गुरांचा डॉक्टर म्हटलं की लोक दोनच प्रश्न विचारतात. वाघाला कधी इंजेक्शन दिलंय का, आणि जनावर बोलत नाही तर त्याचा रोग कळतो कसा. पहिल्याचं उत्तर नाही असं आहे. सोलापुरात माझ्या वाट्याला बैल, म्हशी, शेळ्या आणि कोंबड्या आल्या. वाघ कधी आला नाही आणि मीही त्याला बोलावणं धाडलं नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर असं, की जनावर बोलत नाही ही आमच्या धंद्यातली सोय आहे. अडचण असते ती मालकाची. तो बोलायचा थांबत नाही.

कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीतल्या एका व्यापाऱ्याचा बैल लंगडत होता. मी "थांब रे, थांब राजा" करत खूर उचलायला गेलो, की तो शिंग फिरवायचा. मालक बाजूला गप्प उभा. माझा सदरा फाटल्यावर तो शांतपणे म्हणाला, "डॉक्टर, त्याला मराठी येत न्हाय." मग त्यानं मला 'निल्लु' हा कानडी शब्द शिकवला. मी "निल्लु" म्हटलं आणि तो बैल खरोखर थांबला. तेव्हापासून अक्कलकोटच्या बाजूचं जनावर आलं, की हात लावण्याआधी मी त्याची भाषा विचारून घ्यायचो.

विणकरांच्या वस्तीतल्या शेळ्यांचं दुखणं निराळं. त्या सूत खायच्या. एकदा एका शेळीच्या तोंडातून लाल सुताचं टोक लोंबत होतं आणि मालकीणबाई ते ओढत बसल्या होत्या. मी ओरडलोच, कारण असं सूत ओढलं की आतून आतडं कापलं जातं. बाई तेलुगूत मला बरंच काही बोलल्या. त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही, हे बरंच झालं. शेळी वाचली, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बाईंनी मला घरी बोलावून जेवू घातलं. अशी माणसं मिळाली म्हणून इतकी वर्षं त्या उन्हात काढता आली.

पण दिवाळी अंकासाठी लिहा म्हटल्यावर यातलं काही आधी आठवलं नाही. आठवलं ते एक चित्र. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मोठा दुष्काळ सरून एखाद-दोन वर्षं झाली असतील. मी नोकरीत नवा होतो आणि मला सगळं कळतं असा माझा समज होता.

भाऊबीजेची सकाळ होती. दवाखान्याला सुट्टी, म्हणून मी घरीच पेपर वाचत पडलो होतो. शेटे सर आले. भवानी पेठेत राहायचे, शाळेत चित्रकला शिकवायचे. तोंडओळख होती, तेवढीच. सर दारातच म्हणाले, "डॉक्टर, एक म्हैस तपासायची आहे."

मी बॅग उचलली. "कुणाची?"

"माझी."

सरांच्या घरात मांजरसुद्धा नव्हतं. मी बघतच राहिलो, तेव्हा ते ओशाळून म्हणाले, "म्हणजे चित्रातली. तिच्यामुळे एका खऱ्या म्हशीचं दूध बंद झालंय म्हणतात."

वाटेत त्यांनी सगळं सांगितलं. ते समजायला आधी मल्लाप्पा गवळ्याची रीत सांगायला हवी.

मल्लाप्पा दूध घरी काढून विकायला नेत नसे. तो म्हैसच घेऊन गिऱ्हाइकाच्या दारात जायचा आणि तुमच्या डोळ्यांदेखत तुमच्या भांड्यात धार काढून द्यायचा. पाणी घातलं अशी शंका घ्यायला जागाच नाही. आमच्याकडच्या पंढरपुरी म्हशीचा हा मोठा गुण, लांबच लांब शिंगांची ही म्हैस दहा दारी थोडं थोडं दूध देते. दुसऱ्या जातीची म्हैस असं करणार नाही. कासेत दूध आहे म्हणून ते मिळतं असं नसतं; तिनं ते सोडावं लागतं. त्यालाच पान्हा म्हणतात. रेडकू जवळ आलं, त्यानं दोन ढुशा दिल्या, की ती पान्हा सोडते. मन लागलं नाही तर चोरते. मग तुम्ही कितीही सड ओढा.

मल्लाप्पाच्या म्हशीचं नाव चिमणी. एवढ्या थोरल्या जनावराला हे नाव त्याची बायको गौरव्वा हिनं ठेवलं होतं. त्यांच्या तीन म्हशींपैकी एक गाभण, एक भाकड; दुभती एवढी एकच. आणि दिवाळीच्या महिनाभर आधी चिमणीचं रेडकू मेलं. अशा वेळी गवळी काय करतात, ते बाहेरच्यांना विचित्र वाटेल. मेलेल्या रेडकाचं कातडं सोलून, मीठ लावून सुकवतात आणि त्यात पेंढा भरून शिवून टाकतात. धारेच्या वेळी ते म्हशीपुढं ठेवतात. ती त्याला चाटते आणि पान्हा सोडते. मल्लाप्पाही पेंढ्याचं रेडकू काखेत मारून चिमणीला दारोदार फिरवायचा. त्याचं पहिलं दार शेटे सरांचं.

सर ते रोज बघायचे. पेंढ्याला चाटणारी ती म्हैस त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना, आणि त्यांनी चित्र काढलं. आयुष्यभर फळ्यावर आंबा, घागर आणि घरामागून उगवणारा सूर्य काढलेल्या माणसानं स्वतःसाठी काढलेलं हे पहिलं चित्र. शुभ दिवस म्हणून पाडव्याला त्यांनी ते बाहेर, दाराशेजारच्या भिंतीवर टांगलं. त्या संध्याकाळी चिमणी दारात आली आणि तिनं पान्हा चोरला. नुसता चोरला नाही, पेंढ्याच्या रेडकाला लाथ मारली. पुढच्या दारीही तेच, त्याच्या पुढच्या दारीही तेच. मल्लाप्पानं सरांना सांगून टाकलं, उद्या संध्याकाळपर्यंत चितार उतरवा, नाहीतर मी धोंड्यानं फोडतो. सरांनी विनवण्या केल्यावर एवढंच कबूल केलं, की सरकारी डॉक्टरनं चित्राचा दोष नाही असं दाखवून दिलं तर ऐकीन.

"आणि दोष निघाला तर?" मी विचारलं.

"तर मीच फोडीन," सर म्हणाले. "जनावराला त्रास देऊन चित्र कसलं टांगायचं?" बोलताना त्यांचा आवाज मात्र जागेवर नव्हता.

दारापाशी ही गर्दी. मी पुढं होऊन चित्र पाहिलं. मोठ्या प्लायवूडवर तैलरंगात काढलेली काळी-निळी म्हैस, हवेत एका बंद दारासमोर उभी. तिची शिंगं मागं मागं जात घरांच्या कौलांवरून पार गेलेली, आणि त्यांच्यावर धुतलेल्या चादरी वाळत घातलेल्या. पोटाला खिडकी. खिडकीची दोन्ही दारं उघडी, आणि आत पेंढ्याचं रेडकू उभं. त्याचे पाय म्हशीचं पोट फोडून खाली आलेले, म्हणून एकूण आठ पाय. रेडकाचे डोळे मोठे, पाणीदार. म्हशीला मात्र डोळेच नाहीत. डोळ्यांच्या जागी सपाट काळं कातडं.

लोक आपापली मतं देत होते. एकाला वाटलं सर्कस आलीय आणि ही तिची जाहिरात. एक आजी म्हणाल्या, "देव म्हणावा तर हात न्हाईत, म्हस म्हणावी तर डोळं न्हाईत. कुंकू लावायचं कुटं?" मी काय विचार केला तेही सांगतो. पोट फार खाली आलंय, कास जागेवर नाही, आणि मास्तर डोळे काढायला विसरले. मी चित्राची प्रकृती तपासत होतो. हसू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. त्या खिडकीतल्या रेडकाकडे मी पुन्हा पुन्हा बघत राहिलो, आणि मला स्वतःचाच राग आला.

मल्लाप्पा चिमणीला घेऊन आला. चांगला उंचापुरा, कपाळाला भस्म, आवाज खणखणीत. "डॉक्टर, बघा आता तुमीच. पाडव्याला सकाळी हिनं चरवी भरून दूध दिलं. संध्याकाळी हे बघितलं, आन् संपलं. माझ्याच म्हशीचं चितार काढलं की हो यांनी, आन् डोळं काढून घेतलं!"

मी चिमणीला तपासलं. ताप नाही, कासेला सूज नाही, चारा खातेय. दूध मात्र आत तटून राहिलेलं. हे असंच दोन-चार दिवस राहिलं तर म्हैस आटते, आणि मग पुढच्या वेतापर्यंत मल्लाप्पाच्या घरात दुधाचा थेंब नाही. त्याचा संताप मला समजत होता.

"एक सुई मारा की," तो म्हणाला.

तशी सुई माझ्या बॅगेत होती. ती मारली की दूध उतरतं. पण मग म्हशीला तिचीच सवय लागते, आणि रोगाचं कारण जिथल्या तिथं राहतं. शिवाय सुईनं दूध आलं असतं तर चित्र निर्दोष सुटलं नसतं. मी म्हटलं, "आधी बघू या ती कशाला बुजतेय."

सरांकडून चादर मागून मी चित्र झाकलं. मल्लाप्पानं रेडकू पुढं ठेवलं. चिमणीनं नाक लावलं, फुसकारली आणि मान फिरवली. मग तिला दोन गल्ल्या पलीकडे नेलं, जिथं चित्राचं नावही नाही. तिथंही तेच. सरांच्या दाराशी परत येऊन मी विजयी मुद्रेनं म्हटलं, "बघा, चित्र नसतानाही चोरतेय. म्हणजे चित्राचा संबंध नाही."

मल्लाप्पानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "लागलेली नजर चादर टाकून निघती व्हय, डॉक्टर?"

कॉलेजात असला पेपर नव्हता. गर्दीत लोक हसले. सर चित्राजवळ भिंतीला पाठ टेकून उभे होते, ते मात्र हसले नाहीत.

मी रेडकू उचललं. खरं तर ते फक्त गल्लीच्या कडेला ठेवायचं होतं. काखेत धरल्यावर मला चंदनाचा वास आला. नीट हुंगलं. शिकेकाई, सुगंधी तेल आणि वर उटणं.

"मल्लाप्पा, याला हा वास कसला?"

"उटण्याचा," तो म्हणाला, जणू यात विचारण्यासारखं काय आहे. "पाडव्याला आमी म्हशी न्हाऊ घालतो, रंगवतो, मिरवतो. आमच्या हिनं त्यालापण न्हाऊ घातलं. घरातल्या समद्यांनी अंघोळ करायची आन् त्यानंच पारोसं ऱ्हायचं व्हय?"

मला उलगडा झाला, आणि लगेच वाटलं की झाला नसता तर बरं. म्हैस रेडकू ओळखते ती वासानं. कातड्यात पेंढा आहे की हाडं, याच्याशी तिला देणंघेणं नसतं. वास आपला असला की पुरे. गौरव्वानं मायेनं चोळून चोळून नेमका तोच काढून टाकला होता. चिमणीपुढं तिचं पिल्लू ठेवलं जात नव्हतं, चंदनाचा वास येणारं कुणीतरी परकं ठेवलं जात होतं. चित्र सुटलं होतं. पण ते सोडवायचं तर गौरव्वाला सांगायला हवं होतं, की बाई, हे तुझ्या हातानं झालं.

आम्ही तिघं मल्लाप्पाच्या गोठ्यावर गेलो, चिमणी पुढं. गौरव्वा शेण थापत होती. माझ्या आईच्या वयाची, बारीक चणीची बाई. मी चार वेळा सुरुवात केली आणि चारही वेळा चाऱ्याबद्दल बोललो. शेवटी तीच म्हणाली, "काय झालंय ते सांगा की, डॉक्टरसायेब. गुरांशी असं बोलता का?"

मग मी सांगितलं. जमेल तेवढ्या हळू सांगितलं. मल्लाप्पाचा चेहरा लाल झाला, पण बायकोकडे पाहून तो चिमणीला बांधायला वळला. गौरव्वा हातातलं शेण तसंच धरून उभी राहिली. "म्हंजे मी त्याला धुऊन टाकलं," ती म्हणाली. "एकदा मेलं ते मेलं. आता मी पुन्ना घालवलं." आणि ती रडायला लागली. रेडकू मेलं तेव्हाही ती एवढी रडली नव्हती, असं मल्लाप्पानं मला नंतर सांगितलं. मी नोकरीत खूप मालकांना वाईट बातम्या दिल्या, पण त्या दिवशीइतकं मला कधी वाईट वाटलं नाही.

काहीतरी करायला हवं म्हणून मी विचारलं, "गौरव्वा, त्याचं काही न धुतलेलं आहे का घरात? दावं, पोतं, काहीही."

दावं विहिरीत गेलं होतं. पोतं जाळलं होतं. ती हात धुऊन आत गेली आणि पत्र्याच्या ट्रंकेमागून एक बोळा घेऊन आली. जुन्या लुगड्याचा फडका होता, वाळून कडक झालेला. "जन्मलं तवा यानंच पुसलंवतं मी. धुवायला घेतलंवतं, पर हात झाला न्हाय," ती मल्लाप्पाकडे न बघता म्हणाली. तो फडका त्या घरात आहे, हे त्यालाही ठाऊक नव्हतं.

मी म्हटलं, बांधा हा रेडकाला आणि इथंच बघा. पण मल्लाप्पानं हात वर केला. "हितं नगं. हितं सोडला तर काय खरं? त्या चितारासमोर सोडू द्या, मंग मी मानतो."

त्याचंही बरोबर होतं. परत सगळी वरात निघाली. यावेळी रेडकू गौरव्वानं घेतलं होतं, कडेवर, त्याच्या पोटाला फडका बांधून. ती कधी दारोदारच्या फेरीला जात नसे. म्हणजे चित्र तिनं अजून पाहिलं नव्हतं.

सरांनी स्वतःच चित्रावरची चादर काढली. मला वाटलं, गौरव्वासाठी थोडं थांबायला हवं होतं. त्यांनी हात जोडल्यासारखे छातीशी धरले होते. गौरव्वानं रेडकू खाली ठेवलं आणि पदर सावरत म्हणाली, "बा अव्वा, बा." ये बाई, ये.

चिमणीनं मान खाली घातली. उटण्याचा वास आला तशी एकदा फुसकारली. मल्लाप्पानं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे. मग तिचं नाक फडक्यापाशी गेलं आणि तिथंच थांबलं. ती घशातल्या घशात हुंकारली. म्हशी पिल्लाशी बोलतात तो आवाज. मी हजारदा ऐकलाय, तरी अजून अंगावर काटा येतो. ती फडका चाटू लागली. मल्लाप्पा खाली बसण्याआधीच सडांतून दुधाचे थेंब दगडी फरशीवर पडायला लागले होते.

धारेचा आवाज तेवढा येत होता. सर दाराच्या चौकटीला धरून रडत होते, उघड उघड, आणि त्यांना त्याची लाज वाटत नव्हती.

गौरव्वानं तेव्हा वर पाहिलं. खूप वेळ ती चित्रासमोर उभी राहिली. शिंगांवरच्या चादरी बघितल्या, खिडकी बघितली, आतलं रेडकू बघितलं. मग विचारलं, "सर, हिला डोळं का न्हाई काढलं?"

"खूपदा काढले," सर म्हणाले. "प्रत्येक वेळी खोटे वाटले. पुसून टाकले. लोक म्हणतात अजून काढा. तुम्ही म्हणत असाल तर आत्ता रंग आणतो."

"नगं," गौरव्वा म्हणाली. "असंच बरोबर हाय. ती डोळ्यानं कुटं बघती?"

सरांच्या चित्राला पुढं कुणी काय म्हटलं मला ठाऊक नाही. माझी बदली झाली, पत्रव्यवहार राहिला नाही, आणि त्यांचं दुसरं चित्र बघायला मी कधी गेलो नाही याची खंत आहे. पण त्या क्षणी सरांचा चेहरा मी पाहिलाय. आपण काय काढलं हे त्यांनाही तेव्हाच कळलं असावं.

मल्लाप्पानं धार पुरी केली, चरवी सरांच्या हातात दिली आणि चित्राकडे पाहत गुरगुरला, "ऱ्हाऊ द्या हितंच. पर पुढल्या पावसात प्लायवूड फुगंल की. एक पत्रा हाय माझ्याकडं. वर ठोकून देतो." आणि खरंच, त्याच दुपारी शिडीवर चढून त्यानं तो ठोकला. पत्रा वाकडा बसला म्हणून सरांना दोन शिव्यासुद्धा दिल्या.

मला शिकवणारे पुष्कळ भेटले. प्राध्यापक होते, वरिष्ठ होते. पण जनावराच्या जागी उभं राहून बघायला मला त्या दोघांनी शिकवलं, सरांनी चित्रातून आणि गौरव्वानं एका वाक्यातून. त्यांची शिकवण मी नोकरीभर वापरली. नंतर कुठल्याही गोठ्यात शिरलो की मी आधी डोळे मिटून एक श्वास घ्यायचो. लोकांना वाटायचं डॉक्टर देवाचं नाव घेतायत.

त्या दिवशी माझ्या अंगाला चंदन, शेण, दूध आणि म्हैस असा सगळा मिळून वास येत होता. सोलापुरातच राहणारी माझी थोरली बहीण सकाळपासून ताट मांडून, उपाशी बसली होती. मी उंबऱ्यात पाय ठेवला तशी ती ओरडली, "शी! केवढा वास मारतोय. आधी अंघोळ कर, मगच ओवाळते."

मी म्हटलं, "नको गं ताई. आज मला असंच ओवाळ."

तिनं माझ्याकडे जरा निरखून पाहिलं, कारण विचारलं नाही. पाट सरकवला, निरांजन लावलं, आणि एका हातानं पदर नाकाला धरून दुसऱ्या हातानं मला ओवाळलं.